प्रकल्प नोंदी: एक ओव्हन, एक टर्की आणि मार्गशीर्षातला गुरुवार

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

यंदाचे थँक्सगिव्हिंगचे जेवण आमच्या घरी, न्यू जर्सीत, करायचे ठरले असून नऊ मोठी माणसे आणि चार मुले जेवायला असतील. पहिला प्रश्न स्वयंपाकाचा नव्हे, तिथीचा निघाला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा या सणाचा दिवस अमेरिकेच्या काँग्रेसने १९४१ साली कायद्याने पक्का केला, आणि यंदाचा चौथा गुरुवार, म्हणजे २७ तारीख, नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या आहेत, त्यांचे महालक्ष्मीचे व्रत आहे, आणि ज्या घरात त्या दिवशी घट मांडायचा त्याच घराच्या ओव्हनमध्ये टर्की भाजणे मला स्वतःलाही पटत नाही. म्हणून जेवण शुक्रवारी, २८ तारखेला ठेवले. बहुतेक कचेऱ्यांना आणि शाळांना त्या दिवशीही सुट्टी असते, त्यामुळे कोणाचीच हरकत आली नाही.

बेत असा: टर्की, ग्रेव्ही, पावाचे स्टफिंग, कुस्करलेले बटाटे, फरसबीचे कॅसरोल (सॉसमध्ये घालून ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी), क्रॅनबेरी सॉस आणि भोपळ्याचा पाय (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ). पाय एक मैत्रीण घेऊन येणार आहे. टर्की आणि ग्रेव्ही वगळता बाकी सारे शाकाहारी ठेवायचे आहे, कारण पाहुण्यांतली दोन कुटुंबे मांस खात नाहीत. त्यामुळे स्टफिंग पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजायचे. यात सुरक्षिततेचाही भाग आहे. पोटात भरलेल्या पावात कच्च्या मांसाचा रस मुरतो, म्हणून तो पावही आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सियसला पोहोचावा लागतो, आणि तो तिथवर पोहोचेपर्यंत छातीचे मांस केव्हाच कोरडे पडलेले असते.

फरसबीचे कॅसरोल हा आमच्या राज्याचाच पदार्थ आहे. कॅम्डेन इथल्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तो १९५५ साली बसवला. मूळ कृतीत डब्यातले मशरूम सूप घालतात. मी ताजी मशरूम परतून पांढऱ्या सॉसमध्ये घालीन, पण वरचा तळलेला कांदा मात्र विकतचाच वापरीन, कारण त्याच्याइतका कुरकुरीत घरी होत नाही.

आता मुख्य अडचण. टर्कीची छाती चरबीहीन असते आणि ती १६५ अंशांच्या फार पुढे गेली की भुसा होते; मांडी आणि तंगडी यांत चिवट तंतू पुष्कळ असल्याने त्यांना १७५ अंशांच्या आसपास नेल्याशिवाय ती मऊ पडत नाहीत. अख्खा पक्षी उभट पात्रात ठेवला की याच्या नेमके उलट घडते: छाती वर उघडी राहून आधी तापते आणि मांड्या खाली पात्राच्या आडोशाला राहून मागे पडतात. शिवाय १३ पाउंडांचा अख्खा पक्षी ३२५ अंशांवर तीन ते पावणेचार तास घेतो, ओव्हन आमच्याकडे एकच आहे, आणि स्टफिंग व कॅसरोल हे दोन्ही ऐन वेळी भाजायचे पदार्थ आहेत. या सगळ्यावर एकच उपाय मला दिसतो. पाठीचा कणा काढून पक्षी पसरून सपाट करायचा. मग मांड्या बाजूला उघड्या पडतात, सारा पक्षी एका उंचीवर येतो आणि ४२५ अंशांवर दीड तासाच्या आसपास होतो. टेबलावर अख्खी सोनेरी टर्की आणून ठेवण्याचा मान यात जातो. तो मान फोटोपुरता असतो असे माझे मत आहे. जेवणाऱ्याच्या ताटात कापलेले मांसच येते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

१३ पाउंडांची, म्हणजे सुमारे ५.९ किलोंची, गोठवलेली टर्की आणली. माणशी एक पाउंड असा इथला सर्वसाधारण हिशेब आहे आणि त्यात हाडांचे वजन धरलेले असते. आमच्यात न खाणारे असल्याने उरणार हे नक्की, पण उरलेल्या टर्कीसाठीच जेवणाला येणारी माणसेही असतात.

दुकानात वजनापेक्षा वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचण्यात जास्त वेळ गेला. पुष्कळ टर्कींमध्ये मिठाच्या पाण्याचे द्रावण आधीच टोचलेले असते आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर टक्क्यांत छापलेले असते. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेल्या, टर्कीलाही मीठ लावलेले असते. अशा पक्ष्याला पुन्हा मीठ चोळले तर मांस कसेबसे चालते, पण खाली गळलेल्या रसाची ग्रेव्ही खारट होऊन तोंडात धरवत नाही. म्हणून असे काहीही न टोचलेला पक्षी निवडला.

काही टर्कींच्या छातीत प्लॅस्टिकची एक खुंटी खोचलेली असते, जी मांस शिजले की वर उडी मारते. ती साधारणपणे १८० अंशांच्या आसपास उडते. अमेरिकी कृषी खात्याने २००६ पासून सगळ्या कोंबडीवर्गीय मांसाला १६५ अंश हा एकच किमान आकडा सांगितला आहे, तेव्हा खुंटीवर विसंबणारा माणूस छाती पंधरा अंश जास्त भाजतो. आमच्या पक्ष्यात खुंटी असली तरी ती मी उपटून टाकणार आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

उपकरणांची तपासणी केली. सुईच्या थर्मामीटरने बर्फाच्या पाण्यात ३२ आणि उकळत्या पाण्यात २१२ दाखवले, म्हणजे तो विश्वासाचा आहे. ओव्हनचे मात्र तसे नाही: आकडा ४२५ वर ठेवला असता आत टांगलेला थर्मामीटर अर्ध्या तासानंतरही ४०५ च्या पुढे गेला नाही. त्या दिवशी आकडा ४४५ वर ठेवायचा, अशी चिठ्ठी ओव्हनच्या दारावर चिकटवली.

१८ बाय १३ इंचांचा कडा असलेला ट्रे ओव्हनच्या रुळांवर सरळ बसतो. त्यावर मावणारी जाळीही घरात आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रात्री टर्की फ्रीझरमधून काढून बेसमेंटमधल्या दुसऱ्या फ्रीजच्या खालच्या फळीवर, खोल परातीत ठेवली. फ्रीजमध्ये दर चार-पाच पाउंडांना एक दिवस लागतो, त्या हिशेबाने मंगळवारी रात्री किंवा बुधवारी सकाळपर्यंत ती आतून सुटायला हवी, आणि सुटल्यावर एक-दोन दिवसांत शिजवायला हवी. शुक्रवार या मर्यादेत बसतो. ओट्यावर ठेवून सुटू देण्याचा विचारही करायचा नाही. बाहेरचे मांस कोमट होऊन जंतू वाढू लागतात तेव्हा आत अजून दगड असतो. वेळ कमी पडला तर थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलण्याचा मार्ग आहे, त्याला पाउंडामागे अर्धा तास लागतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

क्रॅनबेरी सॉस करून ठेवला. बारा औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी, मध्यम आचेवर दहा मिनिटे. फळे टचाटच फुटू लागली की गॅस बंद करायचा आणि सॉस पातळ दिसला तरी आटवत बसायचे नाही, कारण फळातच पेक्टिन, म्हणजे सॉस घट्ट करणारा पदार्थ, भरपूर असते आणि निवल्यावर तो आपोआप घट्ट बसतो. आणखी एक पिशवी सासूबाईंनी मागून घेतली. न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइन बॅरन्सच्या पाणथळ वाफ्यांत पिकणारे हे फळ कैरीइतके आंबट असते, आणि इथल्या मराठी घरांत त्याचे लोणचे बरेच जण घालतात. त्यांनी मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि गूळ घालून मेथांब्याच्या वळणाचे काहीतरी केले, आणि सॉसची चव पाहून “हे मुरांब्यासारखं झालंय, जेवणात कशाबरोबर खायचं?” असे विचारले. टर्कीबरोबर दोन्ही वाढायचे ठरले.

याच पक्ष्याचा एवढा मान का, असाही त्यांचा प्रश्न होता. १६२१ साली न्यू इंग्लंडमधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतकऱ्यांनी आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी मिळून जे सुगीचे जेवण केले त्याबद्दल एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याच्या पत्रात रानपक्ष्यांचा आणि वाम्पानोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव घेऊन नाही. टर्की नंतरच्या काळात रुळली, आणि त्याचे एक साधे कारण असे की अंड्यांसाठी किंवा दुधासाठी पाळलेले जनावर न मारता घरभर माणसे जेवतील एवढा तो एकच पक्षी मोठा होता. लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय थँक्सगिव्हिंगची घोषणा केली तोवर न्यू इंग्लंडच्या घरांत ती या जेवणात पक्की बसलेली होती. आपल्याकडे तो पक्षी त्याच्याही कितीतरी आधी येऊन गेला आहे: मुकर्रब खान या मुघल सरदाराने १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी अपूर्व जनावरे नेली त्यांत टर्कीचा नर होता, बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आठवणींत लिहिले आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. सासूबाईंना गोव्याचा हा भाग आवडला. खाल्ला की नाही, एवढेच त्यांनी विचारले. जहांगीर त्याच्या रंग बदलणाऱ्या गळ्याकडे पाहत बसला होता, असे सांगितले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज चंपाषष्ठी. ओव्हनच्या वरच्या आचेवर वांगी भाजून घेतली, भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य झाला, तळी भरली, आणि रात्री सगळे आवरल्यावर टर्कीचे काम बेसमेंटमधल्या टेबलावर काढले.

पक्षी पूर्ण सुटला होता. पोटाच्या पोकळीत मान आणि मानेकडच्या कातडीखाली कलेजी-पेट्याची कागदी पुडी सापडली. दोन्ही बाजूंनी हात घालून पाहावे लागते. सासूबाई जिन्यावर उभ्या राहून पाहत होत्या. “अगं, नळाखाली धुतला नाहीस अजून?” हा प्रश्न येणारच होता. कृषी खात्याचा सल्ला न धुण्याचा आहे, कारण मांसावरचे जंतू पाण्याने जात नाहीत, ते उडालेल्या थेंबांबरोबर ओट्यावर, बेसिनमध्ये आणि शेजारच्या कोशिंबिरीत जातात, आणि मारायचे काम शेवटी उष्णताच करते. “आई, मी कागदाने टिपून घेते, धुवत नाही,” एवढेच म्हटले. जन्मभर चिकन तीन पाण्यांतून काढलेल्या माणसाला हे पटणे अवघड आहे आणि त्यांना ते पटलेही नाही.

पक्षी पालथा घालून भक्कम कात्रीने कण्याच्या दोन्ही अंगांनी बरगड्या कापत नेल्या. मांडीच्या खुब्याशी कात्री अडते. तिथे जोर न लावता सांधा शोधून थोडे बाहेरून जावे. कणा निघाल्यावर पक्षी उताणा करून छातीच्या हाडावर दोन्ही तळहातांनी दाब दिला, हाड कडकन बोलले आणि पक्षी सपाट पसरला. पंखांची टोके पाठीखाली दुमडली.

मीठ वजनाने घेतले: ४५ ग्रॅम, म्हणजे कणा काढलेल्या पक्ष्याच्या वजनाच्या पाऊण टक्क्याहून थोडे जास्त. पाककृतींतून चमच्यांची मापे दिलेली असतात, पण कोशर नावाने मिळणाऱ्या जाड्या मिठाच्या दोन ब्रँडांतसुद्धा एका कपात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो आणि घरातले बारीक मीठ त्याहूनही भरीव असते; काट्यावर तोलले की हा घोळच उरत नाही. छाती, मांड्या आणि आतली बाजू यांना मीठ, मिरपूड आणि सेज व थाइम यांची बारीक चिरलेली सुवासिक पाने चोळून पक्षी जाळीवर उघडाच फ्रीजमध्ये ठेवला. मीठ आधी मांसातले पाणी बाहेर ओढते, त्यात विरघळते आणि मग ते खारे पाणी पुन्हा आत शोषले जाते. मिठामुळे स्नायूंतली काही प्रथिने सैल पडतात, त्यामुळे भाजताना मांस कमी आक्रसते आणि रस कमी गमावते. उघडे ठेवल्याने कातडी वाळते, आणि कोरडी कातडीच कुरकुरीत होते. बादलीभर खाऱ्या पाण्यात पक्षी बुडवण्याची पद्धतही इथे लोकप्रिय आहे, पण तिने मांसात मुख्यतः पाणी भरते आणि कातडी ओली राहते, म्हणून मला ती पसंत नाही.

कणा, मान आणि पेटा हे कांदा, गाजर, सेलरी आणि मिरे घालून मंद आचेवर अडीच तास उकळले. कलेजी बाजूला काढली, तिने रस कडवट होतो. कोल्हापूरकडे मटणाचे अळणी, म्हणजे मांस उकळलेले बिनतिखट पाणी, काढतात, तसेच हे टर्कीचे अळणी, फक्त हळद नाही. गाळून, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून निववले आणि रात्रीच फ्रीजमध्ये टाकले. सपाट टर्कीचा हा न बोलला जाणारा फायदा आहे: अख्खी टर्की भाजणाऱ्याला ग्रेव्हीसाठी जेवणाच्या दिवशी हाडांची वाट पाहावी लागते, माझ्याकडे दोन दिवस आधीच दीड लिटर तयार आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

घट मांडला. स्वयंपाकघरात टर्कीचे कोणतेही काम नाही. बेसमेंटच्या फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ पाहिले, ३७ अंश फॅरनहाइट. चाळिसाच्या आत असले म्हणजे झाले. स्टफिंगसाठी पावाचे तुकडे करून ताटांत वाळत घातले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

जेवण साडेपाचला, म्हणून वेळापत्रक तिथून मागे लावले: पाच वाजता कापायला घ्यायचे, त्याआधी पाऊण तास पक्ष्याची विश्रांती, त्याआधी दीड ते पावणेदोन तास भाजणे. म्हणजे अडीचला ओव्हनमध्ये.

सकाळी स्टफिंगची जुळणी केली. लोण्यात कांदा, सेलरी आणि सेज परतून, भाज्यांचे अळणी घालून वाळका पाव भिजवला, पसरट भांड्यात भरून झाकून ठेवला. कॅसरोलही भाजायच्या पायरीपर्यंत आणून ठेवले.

दुपारी ट्रेच्या तळाशी कांदा, गाजर, सेलरी यांचे मोठे तुकडे आणि दोन कप पाणी घातले, वर जाळी, जाळीवर टर्की, कातडीला तेलाचा पातळ हात. भाज्या आणि पाणी यांचे काम चवीचे कमी आणि धुराचे जास्त आहे. एवढ्या आचेवर कोरड्या पत्र्यावर चरबी ठिबकली की घरातली धुराची घंटा पाहुण्यांच्या आधी हजर होते. पाणी आटत आले तेव्हा एकदा कपभर आणखी घातले.

२.३५ ला आत. ट्रे ३.१५ ला फक्त फिरवला, कारण आमच्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. वरून रस ओतत राहण्याची रीत पाळली नाही; दर वेळी दार उघडून आच घालवायची आणि दोन दिवस वाळवलेली कातडी पुन्हा ओली करायची, यात मला कधीच अर्थ दिसलेला नाही. ३.५० ला छातीच्या सर्वांत जाड भागात १४१ आणि मांडीत १५६. ४.०५ ला १५३ आणि १६८. ४.१२ ला छाती १६० झाली, मांडी १७५, आणि ट्रे बाहेर काढला. सुई हाडाला टेकली की आकडा फसवतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोनदा टोचून लहान आकडा धरला.

पुष्कळ जाणते स्वयंपाकी छाती १५० लाच काढतात, आणि शास्त्र त्यांच्या बाजूने आहे, कारण मांस त्या तापमानावर काही मिनिटे टिकले की जंतूंचा तेवढाच नाश होतो. पण माझ्या टेबलावर चार मुले आणि सत्तरी ओलांडलेली माणसे होती, त्यामुळे मी १६५ चा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुरी लावणार नव्हते. बाहेर काढल्यावरही आत उष्णता सरकत राहते, ४.२५ ला छातीत १६६ दिसले. वर फॉइल गच्च लावले नाही, वाफेने कातडी मऊ पडते.

या सगळ्या योजनेचा खरा लाभ आता झाला. ४.१५ ला ओव्हन मोकळा झाला, आच ३७५ वर आणून स्टफिंग आणि कॅसरोल शेजारी शेजारी आत गेले आणि चाळीस मिनिटांत तयार झाले. बटाटे शेगडीवर शिजत होते. अख्ख्या टर्कीच्या वेळापत्रकात याच तासात ओव्हन अडलेला असतो आणि बाकीचे पदार्थ थंड जेवावे लागतात.

ग्रेव्हीसाठी चरबी आणि मैदा सारख्या वजनाने, ६०-६० ग्रॅम, बदामी होईपर्यंत भाजले, त्यात ट्रेमधला गाळलेला रस आणि एक लिटर अळणी थोडे थोडे घालत ढवळले. रसात मीठ असतेच, म्हणून वरून मीठ शेवटी चव पाहूनच. शाकाहारी ग्रेव्ही लोणी आणि मशरूमच्या पाण्यावर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने केली.

कापताना आधी तंगड्या-मांड्या सांध्यातून सोडवल्या, मग छातीचा प्रत्येक अर्धा भाग हाडावरून अख्खा उतरवून तंतूंना आडवे काप केले. हाडावर ठेवूनच लांब पातळ काप काढले तर तंतू लांब राहतात आणि मांस चावायला सुतळीसारखे लागते. छाती ओलसर होती, तंगडीचे मांस हाडापासून सहज सुटत होते. क्रॅनबेरीचे लोणचे सॉसच्या आधी संपले, ते शाकाहाऱ्यांनी स्टफिंगबरोबर संपवले. सासूबाईंनी मांडीचा तुकडा घेतला, ग्रेव्ही फिकी असल्याचे सांगितले आणि त्यावर लसणाची चटणी भुरभुरली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उरलेले मांस काल दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये गेले होते. ते तीन-चार दिवस चालते. आज सांगाडा मोडून पातेल्यात घातला आणि तीन तासांत दोन लिटर अळणी निघाले.

रविवार, ३० नोव्हेंबर

गडद मांसाचा तांबडा रस्सा केला. भाजलेल्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटण, कांदा-लसूण मसाला आणि कालचे अळणी. मांस शिजलेलेच असल्याने रस्सा उकळून झाल्यावर शेवटी पाच मिनिटेच घातले, आधी घातले असते तर त्याच्या दोऱ्या झाल्या असत्या. छातीचे मांस अशा रश्श्यात टिकत नाही, ते सँडविचला ठेवले. उरलेले सव्वा लिटर अळणी तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवले.